ढब्बूची ताई

मार्च महिना लागला की सोलापुरातल्या शाळांच्या आवारात मोठी मौज दिसे. वर्गातल्या बाकांवर अनुज बसलेले असत आणि पेपर तेच सोडवत. ज्यांची खरी परीक्षा ती मुले बाहेर कडुनिंबाखाली पाण्याच्या बाटल्या धरून नखे कुरतडत उभी राहत. आपला अनुज दशांशचिन्ह विसरेल का, पानिपतच्या तीन लढायांचा गोंधळ घालेल का, याच काळजीत ती असत. पूर्वी आईबाप जसे परीक्षाकेंद्राबाहेर देव पाण्यात घालून बसायचे, तशी आता बारा-चौदा वर्षांची पोरे बसू लागली होती.

अनुज म्हणजे पाठचा भाऊ. शाळेच्या पहिल्या पाच वर्षांनंतर सरकार प्रत्येक मुलाला हे यंत्र देई. दिसायला ते हुबेहूब माणसासारखे, मुलापेक्षा चार बोटे ठेंगणे आणि चेहऱ्याने कायम जरासे गोंधळलेले. त्यामागचा विचार साधा होता. एखादी गोष्ट पक्की शिकायची तर ती दुसऱ्याला शिकवावी, हे शिक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण प्रत्येक मुलाला स्वतःचा विद्यार्थी आणायचा कुठून? आणि तोही पाऊलभरच मागे असलेला? विद्यार्थी फार मागे असला तर शिकवणारा कंटाळतो आणि पुढे निघून गेला तर शिकवणाराच ओशाळतो. अनुज नेमका एक पाऊल मागे राहत असे. त्याच्यात जगातले सगळे ज्ञान भरलेले असे, पण कुलूपबंद. त्याच्या ताईला किंवा दादाला जे पक्के येई तेवढ्याच भागाचे कुलूप उघडे राही, तेसुद्धा एक पायरी राखून. याला पायरीचे कुलूप म्हणत. अनुज अडाणीपणाचे सोंग आणत नसे. त्याला खरोखरच येत नसे. त्याला शिकवले की त्याला येई, आणि त्याला आले म्हणजे मुलाला आले. म्हणून परीक्षा अनुजाची.

गिरिजा हुंडेकरी पाचवी संपवून सहावीत गेली तेव्हा तिचा अनुज घरी आला. भावंड नसलेल्या गिरिजाने त्याचे नाव ढब्बू ठेवले. तो तिला ताई म्हणे, आणि तिचे ऐकून तिच्या आईला आई. आई, म्हणजे सुलक्षणा, महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकवत असे. पाण्याला घाबरणाऱ्या शेकडो पोरांना तिने बिनदिक्कत आत ढकलले होते. बाई कडक होती. यंत्राने आपल्याला आई म्हणू नये, असे तिने पहिल्याच दिवशी बजावले. पण गिरिजालाच ते पटले नाही, त्यामुळे ढब्बूच्याही डोक्यात ते शिरले नाही.

त्या पोराने घर हसवत ठेवले. सोडियम पाण्यात पडला की पेट घेतो आणि मीठ सोडियमपासूनच बनते, हे गिरिजाने त्याला एका संध्याकाळी शिकवले. दुसऱ्या दिवशी सुलक्षणा आमटीत मीठ घालायला गेली, तर हा छत्री उघडून तिच्या आणि गॅसच्या मधे उभा राहिला. आमटी अळणी राहिली तरी चालेल, पण आई जायला नको, असे त्याचे म्हणणे. गिरिजा हसून हसून जमिनीवर लोळली आणि मग संयुग म्हणजे काय हे तिला त्याला नीट समजावून द्यावे लागले. पुढे त्रिकोणमिती आली तेव्हा जुन्या गिरणीच्या चिमणीची उंची सावलीवरून मोजायला म्हणून ढब्बू टेप घेऊन रस्त्यातच आडवा झाला आणि मागे रिक्षांची रांग लागली. गिरिजाचा बाप श्रीशैल विजेची उपकरणे दुरुस्त करायचा. दुकानातून आला की तो आधी विचारी, आज ढब्बूने काय केले? दिवसभराचा शीण त्या एका प्रश्नाने जाई.

दहावीला ढब्बू जिल्ह्यात तिसरा आला. गिरिजाला पुण्याला जाऊन गणित शिकायचे होते.

अकरावीच्या परीक्षेत ढब्बू नापास झाला.

शाळेने उत्तरपत्रिका दाखवली तेव्हा सुलक्षणाचा विश्वास बसेना. नवे आले नसते तर समजण्यासारखे होते. पण जी त्रिकोणमिती त्याने दहावीला पाठ म्हणावी तशी सोडवली होती, तिच्यापुढे या वेळी त्याने कोरी जागा सोडली होती. गिरिजा मात्र चिडली नाही. ती घाबरली. ढब्बूला काहीतरी होतंय, असे ती गेले काही महिने आईला सांगत होती. रात्री शिकवलेले तो सकाळी विसरतो. त्याला सोपे करून सांगते, तरी धरत नाही. आपण त्याच्यामागे धावतोय आणि तो हातातून निसटतोय, असे तिला वाटत होते. तिने बाकीचा सगळा अभ्यास बाजूला ठेवला आणि ढब्बूला पुन्हा आठवीपासून शिकवायला घेतले. स्वतःच्या विसरण्याकडे तिने लक्ष दिले नाही. त्या वयात मुले चाव्या विसरतात, जिन्यावर अडखळतात, बोलता बोलता शब्दासाठी थांबतात. सुलक्षणानेही लक्ष दिले नाही.

सुलक्षणाने सरकारकडे ढब्बूबद्दल तक्रार नोंदवली. माणूस आला, ढब्बूला तपासून गेला, दोष सापडला नाही. तिने पुन्हा तक्रार केली आणि यंत्र बदलून मागितले. त्यावर गिरिजा दोन दिवस जेवली नाही. आजारी भावाला कुणी बदलून आणत नाही, असे ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला मात्र स्वतः डॉ. नफीसा इनामदार पुण्याहून आल्या. पायरीचे कुलूप ज्यांनी बनवले त्यांच्यापैकी त्या एक. केस पांढरे झालेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. दुपारभर त्या ढब्बू आणि गिरिजाजवळ बसून राहिल्या, ढब्बूपेक्षा गिरिजाकडेच जास्त पाहत. मग त्यांनी सुलक्षणाला गच्चीवर नेले.

“अनुजात बिघाड नाही,” त्या म्हणाल्या.

सुलक्षणा म्हणाली, मग तो विसरतो कसा?

इनामदारांनी तिला समजावून सांगितले. अनुज आपल्या ताईला सतत वाचत असतो. उत्तर देताना तिची नजर कुठे रेंगाळते, हात कुठे थबकतो, आवाज कुठे क्षणभर अडतो, यावरून तिच्या डोक्यात काय पक्के आहे आणि काय सैल होतेय हे त्याला कळते. सुट्टीत मुले विसरतात, म्हणून त्यांनी त्यात एक सोय केली होती. ताईचे जे सैल होईल ते अनुजाने आधीच सोडून द्यायचे. मग तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा शिकवते आणि सैल झालेले पक्के होते.

“म्हणजे तिचं जाण्याआधी त्याचं जातं,” सुलक्षणा म्हणाली.

“हो. एक पायरी आधी.”

“सुट्टीत विसरतात तसंच असेल. भरून येईल.”

“सुलक्षणाताई, ती त्याला रोज शिकवतेय. माझ्या माहितीतल्या कुठल्याही मुलीनं इतकं शिकवलेलं नाही. तरी तो खाली येतोय.” इनामदार तिच्याकडे वळल्या. “तिला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका.”

खाली गिरिजा ढब्बूला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज समजावत होती. तिचा आवाज गच्चीपर्यंत ऐकू येत होता आणि तो अगदी नेहमीसारखा होता.

दवाखान्यात निदानाला फार वेळ लागला नाही. मेंदूच्या पेशींत रोज साचणारा कचरा बाहेर टाकणारी यंत्रणा गिरिजाच्या शरीरात जन्मापासूनच दुबळी होती. ती आता थकली होती. आईकडून अर्धा दोष, बापाकडून अर्धा. दोघांनाही कधी काही जाणवले नव्हते. वेग कमी करणारे औषध होते. गेलेले परत आणणारे नव्हते. शिकलेल्यातले आधी अवघड ते जाणार, मग सोपे, मग बोलणे. श्रीशैलने डॉक्टरांना विचारले की हे तिला सांगायचे का. डॉक्टर म्हणाले, ती सतरा वर्षांची आहे आणि अजून तिला सगळे समजते, तोवर सांगा.

सुलक्षणाने सांगितले. तलावावर मुलांना पाण्यात ढकलताना ती ‘एक’ एवढाच आकडा मोजायची. तसा याही वेळी मनात मोजला आणि सांगून टाकले. गिरिजा पलंगावर मांडी घालून बसली होती. ढब्बू गॅलरीत झाडांना पाणी घालत होता.

 गिरिजाने विचारले, “म्हणजे ढब्बूला काही झालेलं नाही?”

“नाही.”

“मला वाटलं होतं, त्यालाच काहीतरी होतंय.” तिने गॅलरीकडे पाहिले. “बरं झालं.”

नंतर ती रडली आणि सुलक्षणाही. श्रीशैल दारात उभा होता, त्याला आत यायचे सुचले नाही. रडून झाल्यावर गिरिजाने दोन गोष्टी मागितल्या. ढब्बूला हे सांगायचे नाही, तो घाबरेल. आणि पुढे काही झाले तरी त्याला तिच्या पुढे न्यायचे नाही.

“सगळे माझ्या पुढे जातील, आई. तू, बाबा, वर्गातली पोरं. एक तरी मागे असू दे.”

सुलक्षणाने वचन दिले.

पुढचे दीड वर्ष घर त्या पायऱ्या उतरत राहिले. बीजगणित गेले, मग अपूर्णांक, मग पाढे. गिरिजा चिकाटीची होती. जे हातात उरले होते ते ती रोज ढब्बूला शिकवी आणि डॉक्टरांनाही नवल वाटावे इतके टिकवून धरी. पण सुलक्षणाला एक वाईट सवय लागली. ती ढब्बूकडे पाहू लागली. आज त्याने वार उलटसुलट सांगितले, म्हणजे काही आठवड्यांनी गिरिजा सांगणार. आज त्याला घड्याळ वाचता आले नाही. असे करू नका, असे इनामदारांनी फोनवर तिला बजावले होते. ती हो म्हणाली होती. पण उद्याचे हवामान दिसणारी खिडकी घरात असेल तर ती न उघडता कोण राहील?

एका दुपारी सुलक्षणा तलावावर होती आणि श्रीशैलचा जेवता जेवता डोळा लागला. तेवढ्यात गिरिजा ढब्बूला घेऊन बाहेर पडली. होटगी रस्त्याच्या चौकात दोघे सापडले. गिरिजाने ढब्बूचा हात घट्ट धरला होता आणि ती त्याला सिग्नल शिकवत होती. लाल लागला की जायचे, असे शिकवत होती. ढब्बू मान डोलावत होता. एका ट्रकवाल्याने जीव खाऊन ब्रेक मारला म्हणून दोघे वाचले.

त्या संध्याकाळी श्रीशैल प्रथमच बायकोवर ओरडला. ज्या यंत्राला जगातले सगळे येते ते आपल्या मुलीच्या शेजारी उभे राहते आणि लाल सिग्नलवर तिच्याबरोबर पाऊल टाकते. हा कसला सोबती? कुलूप उघडा, तो तिला सांभाळेल. वचन दिले तेव्हा गिरिजा वेगळी होती, आता तिला ते आठवतही नाही.  सुलक्षणाने इनामदारांना बोलावले.

कुलूप उघडायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. ढब्बू ताठ बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ उतरला. तो उतरला तेव्हाच सुलक्षणाला कळले की आपण इतकी वर्षे त्या गोंधळावरच माया केली होती. तो उठला, गिरिजाच्या बुटांची नाडी सुटली होती ती त्याने बांधली आणि तिच्या गोळ्यांची वेळ विचारून घेतली.

घर सुरक्षित झाले. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, दाराला कडी. श्रीशैलला कितीतरी महिन्यांनी झोप लागली. गिरिजा पाटी घेऊन ढब्बूसमोर बसली आणि तिने ‘घर’ लिहायला घेतले. तिचा घ पुरा व्हायच्या आत त्याने ‘घर’ असे म्हटले. तिने त्याच्याकडे पाहिले. ‘नळ’ लिहिले, तेही त्याने म्हटले. त्याला वाटत होते, तिला मदत होतेय. गिरिजाने पाटी उपडी ठेवली आणि स्वयंपाकघरात आली.

“आई, ढब्बू कुठं गेला?”

तो तिथेच आहे, असे सुलक्षणाने दाखवले. गिरिजाने नाही अशी मान हलवली. त्यानंतर ती खिडकीपाशी बसू लागली. पाटी मागेना, बोलेना. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधीच तिचे शब्द गळू लागले. शिकवण्याने जे धरून ठेवले होते ते शिकवणे थांबताच सुटू लागले होते.

सुलक्षणाने ढब्बूलाच विचारले. आता त्याला उत्तर देता येत होते.

“कुलूप लावलंत तर ती मला चुकीचं शिकवेल आणि मी चुकीचं शिकेन,” तो म्हणाला. “आम्हा दोघांवर तुम्हाला लक्ष ठेवावं लागेल.”

“आणि नाही लावलं तर?”

“तर मी तिची देखभाल करीन. शिकवायला तिला कोणी नसेल.”

सुलक्षणाने विचारले, “तुला काय वाटतं?”

“ते मी आत्ता सांगू शकतो,” ढब्बू म्हणाला, “पण कुलूप लागलं की मला ते आठवणार नाही. तुम्हाला मात्र आठवत राहील. म्हणून नको सांगायला.”

सुलक्षणाने नोकरी सोडली. श्रीशैलने तिच्याशी चार दिवस अबोला धरला, मग एके दिवशी स्वतःच दाराला वरच्या अंगाने नवी कडी बसवून दिली. इनामदार पुन्हा आल्या. त्यांनी कुलूप लावायला घेतले. आपण मुलांसाठी ही वस्तू बनवली, त्या म्हणाल्या, मुले पुढेच जाणार हे गृहीत धरून बनवली.  ढब्बूच्या डोळ्यांत गोंधळ परत आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि गिरिजाला विचारले, ताई, नळ म्हणजे काय? गिरिजा खिडकीपासून उठली.

घरात आता दोन लहान मुले होती. सुलक्षणा सकाळी दोघांना अंघोळीला पाणी काढून देई, दोघांच्या मागे फिरे, गॅसचे बटण काढून स्वतःच्या ओच्यात ठेवी. गिरिजा शिकवी. चमचा कसा धरायचा. चिमणीला काय म्हणतात. पायात चप्पल कुठली कुठे. पुष्कळदा चुकीचे शिकवी, आणि जिवावर बेतणारे नसेल तर सुलक्षणा ते चुकीचेच राहू देई. मग त्या घरात काही महिने कावळ्याला चिमणी म्हणत असत. ते महिने वाईट नव्हते. पुढे सुलक्षणाला आठवले की त्या काळात गिरिजा रोज एकदा तरी हसे.

मग हसूही विरळ झाले. रंग गेले. दहापुढचे आकडे गेले, मग पाचपुढचे. आधी ढब्बूचे, मग तिचे.

एका सकाळी सुलक्षणाने दुधात भाकरी कुस्करून दोन वाट्या आणल्या. ढब्बू खात नसे, पण त्याच्यापुढे वाटी असल्याशिवाय गिरिजा घास घेत नसे. दोघे चटईवर शेजारी शेजारी बसले होते. सुलक्षणा वाट्या ठेवायला वाकली, तसा ढब्बू तिच्याकडे पाहत राहिला. ती सरळ झाली तरी पाहत राहिला. मग त्याने गिरिजाची बाही ओढली आणि बोट दाखवले.

“ताई, ही कोण?”

श्रीशैल दुकानात जायला निघाला होता. तो दारातच थांबला. सुलक्षणाला वाटले, आपल्याला खाली बसायला हवे. ती बसली.

गिरिजा गेल्या काही दिवसांत फारसे बोलली नव्हती. तिने ढब्बूकडे पाहिले, मग त्याचे बोट जिकडे होते तिकडे पाहिले. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिने पुन्हा सुलक्षणाचा चेहरा वरपासून खालपर्यंत पाहिला, शिक्षक फळ्यावरचे अक्षर पाहतात तसा.

“आई,” ती म्हणाली. “ही आई.”

“आई,” ढब्बू म्हणाला.

गिरिजाने समाधानाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वाटी ओढून घेतली. दारात श्रीशैल डोळे पुसत होता. तिला येतेय, तो म्हणाला, बघ, तिला अजून येतेय. सुलक्षणाला मात्र त्यापलीकडचेही ठाऊक होते. ढब्बू कधी विचारतो आणि का विचारतो, हे तिला इनामदारांनी गच्चीवर सांगितले होते.

तिने गिरिजाचे तोंड पुसले. स्वतःच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि आपला चेहरा उजेडात येईल अशी खिडकीकडे तोंड करून दोघांसमोर बसली.

“ढब्बू,” ती म्हणाली, “पुन्हा विचार.”

ढब्बूने विचारले. गिरिजा घास तसाच हातात धरून सुलक्षणाकडे पाहत राहिली, आणि सुलक्षणा वाट पाहत राहिली.